शेवटची दोन पानं

सर, गेल्या मंगळवारी तुमच्या मुलीचा फोन आला होता. बहात्तर वर्षांची बाई, पण आवाज अगदी तुमचाच, वर्गात मागच्या बाकापर्यंत जाणारा. तिने मला दोन प्रश्न विचारले. पहिल्याचं मी खरं उत्तर दिलं, तीस वर्षं उशिरा का होईना. दुसऱ्याचं जे दिलं ते खरं की खोटं, हे तुमच्याखेरीज कुणालाच कळणार नाही, आणि तुम्ही तर नाही आहात. म्हणून आज शाळेला रजा टाकून भेस्तानच्या घरात टेबलाशी बसले आहे. मेलेल्या माणसाला पत्र लिहू नये असं आमची आई म्हणायची. ती जिवंत माणसालाही लिहीत नसे, कारण तिला लिहिता येत नव्हतं. मला तुम्ही शिकवलंत, तेव्हा आता ऐकून घ्या.

तुमचं घर सुरतेच्या कतारगामात आमच्या चाळीपासून दोन गल्ल्या सोडून होतं. पहिला मजला, आणि दाराच्या चौकटीला उजवीकडे बोटभर लांबीची पितळी नळी तिरकी ठोकलेली. आम्ही लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, राबणाऱ्या खानदेशी लोकांची पोरं. आम्हाला ती बेल वाटायची. दाबून दाबून बोट दुखायला लागलं की मग कडी वाजवायचो. एकदा तुम्ही दार उघडलंत आणि गंभीर चेहऱ्याने म्हणालात, "दाबा, दाबा. वर ऐकू जातं." मग आत बसवून सांगितलंत की तिला मेझुझा म्हणतात, आत चर्मपत्रावर लिहिलेली प्रार्थना असते, आणि यहुदी माणूस घरात येता-जाता तिला बोटं लावून ती ओठांना लावतो. माझा भाऊ म्हणाला, म्हणजे दारावरचा गणपती. तुम्ही म्हणालात, "जवळजवळ. फक्त मूर्ती नाही." तुम्ही अलिबागकडचे बेने इस्रायल. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून कोकणात ज्यांना शनवार तेली म्हणत, त्यांच्यातले. सुरतेला मराठी शाळेत इतिहास शिकवायला आलात आणि इथेच राहिलात. तुमच्या बाई लवकर वारल्या. मुलगी लग्न करून इस्रायलला गेली. तुम्ही एकटे नारळाच्या रसातली मच्छी रांधायचात, आणि तुमच्याकडे मटण जेवल्यावर चहा मागितला तर तो बिनदुधाचाच मिळायचा. आम्हाला वाटायचं सर कंजूष आहेत. मांस आणि दूध तुमच्यात एकत्र चालत नाही हे मला फार उशिरा कळलं.

त्र्याण्णव सालच्या जानेवारीत तुम्ही मला निरोप पाठवलात. मी तेव्हा एकवीस वर्षांची, सकाळी बालवाडी घ्यायची आणि दुपारी साड्यांवर टिकल्या लावायची. तुमचा हात थरथरायला लागला होता, आणि माझं अक्षर चांगलं, कारण सातवीत तुम्ही मला एकच धडा चार वेळा उतरवायला लावला होता. शुद्धलेखनात मी एक ओळ गाळली होती म्हणून. "ओळ गाळली की इतिहास राहत नाही बाय, भाषण होतं," असं म्हणाला होतात. आता तुमच्या मुलीने लिहिलं होतं की ती राहते त्या गावात जुन्या लोकांच्या आठवणी गोळा करताहेत. देश होण्याआधी तिथे जी गुप्त संरक्षण दलं होती, त्यांना ज्यांनी ज्यांनी मदत केली त्यांच्या. पप्पांनी महायुद्धाच्या काळात इंग्रजांच्या पलटणीत असताना तिथे हत्यारं वाचवली होती एवढं तिला ठाऊक होतं, बाकी तुम्ही तिला कधी काही सांगितलं नव्हतं. तुम्ही सांगायचं, मी लिहायचं, आणि पुऱ्या झालेल्या कागदांचं पाकीट टपालात टाकायचं, असं ठरलं.

अजून डोळ्यांसमोर दिसतं: मी तुमच्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले आहे, वही मांडीवर. तुम्ही फळ्यासमोर चालावं तसे ओट्यापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालताय. "आधी नुसते राखणदार होते," तुम्ही सांगता. संत्र्यांच्या बागा, गव्हाची शेतं, घोड्यावर बसून फिरणारे चार जण. मग दंगली झाल्या, सरकार वाचवायला आलं नाही, तेव्हा गावोगाव लोकांनी गुपचूप दल उभं केलं. दिवसा शिक्षक, सुतार, गवळी. बाकीच्या वेळी शिपाई. हत्यार बाळगणं इंग्रजांच्या राज्यात गुन्हा, म्हणून ती गोठ्यात, विहिरीत, भिंतीत. त्या दलाचा नियम होता की संयम ठेवायचा, आपल्यावर आले तर राखायचं, सूड घ्यायला जायचं नाही. "मग काही जणांना तो संयम म्हणजे भेकडपणा वाटला. ते फुटले. त्यांनी आपलं वेगळं दल काढलं. त्यातल्यांना तेही मवाळ वाटलं, ते आणखी फुटले. दलातून दल, त्यातून दल. बाजारात बॉम्ब ठेवणारेही निघाले त्यातून." मी विचारलं, राखण कुणापासून? तुम्ही खिडकीपाशी वळलात. "शेजाऱ्यांपासून. अरब गावं होती लागून. तेही आपल्या बांधावर राखणच करत होते, बाय. त्यांना विचारलंस तर तेही हेच सांगतील. पुढे त्यांची गावंच्या गावं ओस पडली, हेही लिही." मी लिहिलं. पेन चालत होतं, पण माझे कान खरं सांगायचं तर हत्यारं कुठे लपवली तिथेच अडकले होते.

कारण आमच्या घरातही होती. डिसेंबरातल्या दंगलीत शहरात जे झालं ते तुम्ही पाहिलंत, ते मी पुन्हा लिहीत नाही. त्यानंतर आमच्या गल्लीतल्या जवान पोरांनी मिळून राखण सुरू केली, आणि माझा भाऊ त्यात पुढे. नुकताच बाप झालेला, पोरगं आठ महिन्यांचं. एक दिवस बारदानात गुंडाळलेलं लांबट गाठोडं घेऊन आला आणि मोरीतली सैल फरशी उचलून खाली सरकवलं. "कोनले सांगू नको. आपले आपलं राखनं शे," म्हणाला, आपलं आपल्यालाच राखायचंय. सहा तलवारी होत्या. आई म्हणाली, "आरे, पोरनं घर शे हाई!" पण तिने फरशी नीट बसवायला हातही लावला. भीती वाटते तेव्हा माणूस दोन्ही करतो. मला भीती नव्हती वाटत, सर. मला बरं वाटत होतं. अंगावर कुणी आलं तर आपल्याकडे काहीतरी आहे, या विचाराने मला झोप लागायची.

आणि त्याच आठवड्यात तुम्ही पलटणीतला एक झडतीचा दिवस सांगितलात. तुम्ही हिंदी फौजेत सामानाच्या डेपोवर कारकून. पोलिसांबरोबर एका यहुदी गावाला वेढा पडला तेव्हा जप्तीची यादी करायला म्हणून तुम्हाला नेलं होतं. घरामागून घर. गोरा साहेब बाहेर अंगणात, दोन शिपाई मागे, हातात यादीचे कागद घेऊन तुम्ही पुढे. आणि एका उंबऱ्यावर, रोजच्या सवयीने, काही ध्यानीमनी नसताना, तुमचा उजवा हात वर गेला, चौकटीवरच्या नळीला लागला आणि ओठांवर आला. आतली बाई लाकडी जमिनीवर बसून पत्र्याच्या टबात बाळाला न्हाऊ घालत होती. तिने ते पाहिलं. सावळा, पगडीवाला नाही, टोपीवाला हिंदी शिपाई, आणि मेझुझाला हात लावतो! तुम्हाला तिची भाषा येत नव्हती, तिला तुमची नाही. तिने बाळाच्या डोक्यावर पाणी ओतत अंगाईसारखी एकच ओळ म्हटली, प्रार्थनेतली, जी तुमच्यातल्या प्रत्येक पोराला बोलायला लागल्याबरोबर शिकवतात. अलिबागेत तुमच्या आईने शिकवली होती. तुम्ही एक पाऊल पुढे टाकलंत तेव्हा टबाशेजारची फळी पोकळ वाजली. बाईने मान वर केली नाही. तुम्ही यादीत त्या घरापुढे 'निरंक' लिहिलंत आणि बाहेर आलात. एवढं सांगून तुम्ही पाणी प्यायलात आणि म्हणालात, आज पुरे.

पुढे काय झालं ते तुम्हाला सांगायला मी पळत आले होते, आठवतंय? तीन दिवसांनी, भर दुपारी. सकाळी आमच्या गल्लीत झडती आली. भाऊ खात्यावर, वहिनी पाण्याच्या रांगेत, आई दारात नुसती उभी. मी पोराला उचललं, मोरीत त्या फरशीवर पाय पसरून बसले, परकर गुडघ्यावर घेतला, पोराला नडग्यांवर पालथं घातलं आणि तेल चोळायला लागले. गुजराती हवालदार आत आला. "बेन, अंदर शुं छे?" मी म्हटलं, "छोकराने नवडावुं छुं, साहेब." माझे उघडे पाय बघून त्याने तोंड फिरवलं, पत्र्याची पेटी उघडली, पिठाच्या डब्यात काठी घातली. पोराने नेमका तेव्हाच मोठ्याने भोकाड पसरलं. "सारुं, सारुं, नवडावो," म्हणत तो गेला. जाताना आईला म्हणाला, पाणी जरा गरम घ्या, थंडी आहे. मी तशीच बसून राहिले, पोराचं अंग निवेपर्यंत. मग मला हसू आलं ते थांबेना.

मला वाटलं होतं तुम्ही शाबासकी द्याल. तुमच्याच गोष्टीतून शिकले होते ना! मी सगळं सांगितलं, हवालदाराची नक्कलसुद्धा करून दाखवली. तुम्ही खुर्चीत बसलात. तुम्हाला इतकं म्हातारं मी तोवर पाहिलं नव्हतं. "आता कुठे आहेत त्या?" विचारलंत. मी म्हटलं, भावाने मघाशीच येऊन नेल्या. "कुठे?" मला माहीत नव्हतं. "विचारलं नाहीस?" नाही विचारलं. "मग तुलाही कधी कळणार नाही," तुम्ही म्हणालात, आणि रागावलात. पंचवीस वर्षं मुलं शिकवून झालेला तुमचा तो ठेवणीतला राग नव्हे, घाबरलेल्या माणसाचा. "तुला काय वाटलं, मी शौर्य सांगत होतो? माझ्या मुलीच्या हौसेखातर अर्धंच सांगून थांबणार होतो, ती माझी चूक. वही उघड. अजून दोन पानं आहेत."

ती दोन पानं मी दात खाऊन लिहिली. झडतीनंतर काही महिन्यांनी तुमच्या डेपोवर दिवसाढवळ्या छापा पडला. फौजेचेच कपडे घालून आलेले, फौजेच्याच लॉरीतून, हत्यारं पळवायला. कुठल्या दलाचे होते ते शेवटपर्यंत नक्की कळलं नाही. फाटकावर तुमचा दोस्त होता, साताऱ्याकडचा ड्रायव्हर. रोज तुमच्या शेजारी बसून जेवणारा, तुमच्यासाठी मटणाचा वाटा बाजूला सारून डाळ मागून आणणारा, कारण तुमच्या धर्मात ते कसं कापलेलं लागतं हे त्याला पाठ झालं होतं. त्याने लॉरी अडवली. एकच गोळी. "ती बंदूक त्या फळीखालची होती की नव्हती?" तुम्ही मला विचारलंत, जसं काही मला ठाऊक असावं. "नसेलही. शंभर गावांत हत्यारं होती. पण मी निरंक लिहिलं होतं, बाय. त्या बाईचं चुकलं असं मी म्हणत नाही. तिच्या जागी मी असतो तर मीही टब तिथेच ठेवला असता. पण निरंक मी लिहिलं." आणि मग ते, ज्यासाठी ही पानं होती: मुलगी दर पत्रात बोलावते, विमानाचं तिकीट पाठवते म्हणते, आणि तुम्ही गुडघे दुखतात, उन्हाळा सोसत नाही अशी कारणं देता. खरं कारण असं की तिथे गेलात तर कुठल्याशा बाकावर एखादा म्हातारा तुमच्या शेजारी येऊन बसेल, गोड बोलेल, नातवंडांचे फोटो दाखवेल, आणि तुम्ही त्याच्या हातांकडे बघत राहाल. "तिला वाटतं, पप्पांना माझ्यापेक्षा सुरत प्यारी. तसं नाही, हे तिला कळू दे." शेवटी तुम्ही त्या दोस्ताचं पूर्ण नाव सांगितलंत, बापाच्या नावासकट, गाव, तालुका. अक्षर न् अक्षर तपासलंत. त्याचं लग्न झालं नव्हतं, मागे कुणी नव्हतं. "कुठेतरी लिहिलेलं असू दे," म्हणालात.

मी पाकीट टपालात टाकलं. पहिली अकरा पानं. शेवटची दोन चुलीत घातली. कारणं खूप देता येतील, तीस वर्षांत मी त्यांचा मोठा साठा केला आहे: मुलीला वाईट वाटलं असतं, तुमचा मान गेला असता, तिथले लोक काय म्हणाले असते. सगळी खोटी. मला राग आला होता. मी आयुष्यात एकदा शूर झाले होते आणि तुम्ही ते दोन पानांत पुसून टाकलंत. माझा भाऊ आणि तुमची ती बाई बरोबर असायला हवे होते, कारण मग मीही बरोबर ठरत होते. त्या गाठोड्याचं काय झालं हे मी भावाला आजपर्यंत विचारलेलं नाही. आता त्याचं कोसाडला साड्यांच्या पॅकिंगचं छोटं दुकान आहे, त्या पोराचं लग्न झालं, दर दिवाळीला आम्ही एका ताटाभोवती बसतो. विचारलं तर तो सांगेल, म्हणून विचारत नाही. तुम्ही पाकीट मिळाल्याचं मुलीचं उत्तर यायची वाट बघत होतात. ते आलं तेव्हा तुम्ही दवाखान्यात होतात, मी ते तुम्हाला वाचून दाखवलं. 'पप्पा, आम्हाला तुमचा किती अभिमान वाटतो!' तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "एवढंच लिहिलंय?" मी म्हटलं, हो. शेवटच्या पानांबद्दल तिने एक अक्षर लिहिलं नाही, यावर तुम्ही काय समजलात, सर? तिने माफ केलं, की तोंड फिरवलं? चार दिवसांनी तुम्ही गेलात. हे मला सगळ्यात जास्त छळतं. जळालेल्या कागदांपेक्षाही ते एक 'हो'.

आता मंगळवार. तिच्या नातवाला शाळेत आपल्या घराण्याची हकिगत लिहायची आहे. त्याने ती अकरा पानं कुणाकडून तरी भाषांतर करून घेतली आणि आजीला विचारलं की मग पणजोबा इथे का नाही आले? तिला सांगता येईना. म्हणून तिने माझा नंबर शोधला. मोडकं मराठी, पण कोकणी हेल तसाच. "तू त्यांच्याजवळ होतीस. ते का नाय आले ग?" मी सांगितलं. सगळं, फळीपासून चुलीपर्यंत. ती ओरडेल, फोन आपटेल असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे माझ्यावर राग नव्हता त्यांचा." मी म्हटलं, नव्हता. ती रडली, मीही रडले. दोघी नाक ओढत बसलो. त्यानंतर तिने विचारलं, "त्या दोस्ताचं नाव काय? पप्पा गेले ती तारीख येईल तेव्हा मी आमच्या देवळात त्याच्यासाठीपण प्रार्थना म्हणायला सांगेन. नाव लागतं, बापाच्या नावासकट."

सर, मला आठवत नाही. मी माझ्या हाताने लिहिलं होतं, तुम्ही अक्षर न् अक्षर तपासलं होतं, आणि मला पहिलं अक्षरसुद्धा आठवत नाही. सातारा आठवतं, डाळ आठवते. ती तिकडे पेन घेऊन बसली होती. मला तिला आणखी एकदा नाही म्हणणं जमलं नाही. मी एक नाव सांगितलं. त्याचं, त्याच्या बापाचं आणि गावाचंही, तिकडे शोभेल असं. तिने ते दोनदा म्हणून दाखवलं, उच्चार बरोबर आहे का ते विचारलं. मी म्हटलं, बरोबर आहे. तुमची तारीख पुढच्या महिन्यात येते. तिला परत फोन करायला हवा, हे मला कळतंय. अजून केलेला नाही.